भेंडीवरील केवडा व पी. एम्. वर्मा यांचें संशोधन

पनवेल व आसपासचीं गांवें मुंबईच्या बाजारास जवळ असल्यामुळें तेथील शेतकऱ्यास भाजीपाल्याचें पीक नेहमींच किफायतशीर वाटत आलें आहे. भातानें घरची कणगी भरते. परंतु मीठमिरची, मुलांचीं पुस्तकें व लग्नकार्यें यांस लागणारा रोख पैसा भाजी देते, हा या बाजूचा जुना अनुभव आहे. पुढें नवी मुंबई वसली, पनवेल येथें २०१६ सालीं महानगरपालिका झाली, व पुष्कळशी शेतजमीन घरांखालीं आणि रस्त्यांखालीं गेली. तथापि जी उरली आहे तींतील भाजीस गिऱ्हाईक कमी झालेलें नाहीं. उलट तें दाराशीं येऊन उभें राहिलें आहे. थोड्या जागेंत जास्त उत्पन्न काढावयाचें तर हातीं आलेलें पीक जाऊं देतां कामा नये, आणि येथेंच भेंडी लावणारा शेतकरी वारंवार नाडला जातो.

भेंडीचें बी उगवून महिना होतो न होतो तोंच कोंवळ्या पानांच्या शिरा पिवळ्या दिसूं लागतात. प्रथम हिरव्या पानावर पिवळ्या दोऱ्यांचें जाळें पसरल्यासारखें दिसतें. पुढें शिरांमधला हिरवेपणाही जातो, पान सबंध पिवळें होतें, झाडाची वाढ खुंटते, आणि जीं थोडीं फळें धरतात तीं पिवळट, आंखूड व राठ निघतात. बाजारांत त्यांस कोणी हात लावीत नाहीं. या रोगास आपले शेतकरी 'केवडा' म्हणतात, कोठें कोठें 'हळद्या' असेंही म्हणतात. नांव गोड असलें तरी नुकसान फार कडू आहे. १९७४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणें झाड कोणत्या वयांत रोगानें गांठलें त्यावर हानि अवलंबून असते, व ती शेंकडा ५० पासून ९४ पर्यंत जाते. म्हणजे कोंवळेपणीं रोग लागला तर पीक जवळजवळ सर्व बुडालें असें समजावें.

केवडा पडला कीं शेतकरी एकदां जमिनीस दोष देतो, एकदां खतास, एकदां पावसास. कोणी मोरचुदाची फवारणी करतो, कोणी दुकानदार देईल तें बुरशीनाशक आणून मारतो. पैसा जातो, मजुरी जाते, आणि केवडा जेथल्या तेथें राहतो. हा रोग मुळांत आहे तरी काय, व तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो कसा, हें कळल्याखेरीज केलेला खर्च अंधारांत मारलेल्या दगडासारखा होय. या दोन प्रश्नांचीं उत्तरें पुण्यांत बसून ज्या थोड्या शास्त्रज्ञांनीं शोधून काढलीं, त्यांत पी. एम्. वर्मा यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांच्या कार्याची हकीगत प्रस्तुत लेखांत देण्याचें योजिलें आहे. कारण ती केवळ एका विद्वानाची कीर्तिकथा नसून, आपल्या मळ्यांत कोणत्या दिवशीं काय करावें व काय करूं नये याचें उत्तर तींत सांपडतें.

विषाणु म्हणजे काय

झाडांचे बहुतेक परिचित रोग बुरशीपासून होतात. बुरशी सूक्ष्मदर्शकाखालीं दिसते व औषधानें मरतें. परंतु तंबाखूच्या पानांवर हिरवे-पिवळे ठिपके पाडणाऱ्या एका रोगाचा विचार करतांना रशियांतील इव्हानोव्हस्की यास १८९२ सालीं असें आढळलें कीं, रोगट पानांचा रस अशा बारीक गाळणींतून गाळला कीं जींतून कोणताही जंतु पार होऊं नये, तरीही त्या गाळलेल्या रसानें निरोगी रोप आजारी पडतें. १८९८ सालीं हॉलंडांतील बायरिंक यानें हाच अनुभव पुन्हां घेऊन सांगितलें कीं, हा जंतु नव्हे, निराळ्याच जातीचें संसर्गकारक द्रव्य आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत स्टॅन्ले यानें त्या द्रव्याचे साखरेसारखे स्फटिकही करून दाखविले. आज आपणांस ठाऊक आहे कीं, विषाणु म्हणजे आनुवंशिक द्रव्याचा एक सूक्ष्म धागा व त्याभोंवतीं प्रथिनाचें कवच. त्याला स्वतःचें पोट नाहीं, श्वास नाहीं. जिवंत पेशींत शिरून तिच्याकडूनच तो आपल्या प्रती काढून घेतो.

यावरून शेतकऱ्याच्या दृष्टीनें एक मोठा निष्कर्ष निघतो. विषाणु झाडाच्या पेशींच्या आंत, तिच्याच व्यवहारांत मिसळून राहत असल्यामुळें झाड न मारतां त्यास मारील असें औषध आजही कोणत्याही दुकानांत मिळत नाहीं. केवडा पडलेलें झाड पुन्हां हिरवें होणार नाहीं. जें काय करावयाचें तें रोग झाडास लागण्यापूर्वीं.

पुण्यांतील आरंभ

मुंबई इलाख्यांतील पिकांवर असे रोग आहेत याची पद्धतशीर नोंद जी. एस्. कुलकर्णी यांनीं १९२४ सालीं पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाच्या मासिकांत केली. भेंडीच्या केवड्याचा उल्लेख त्यांत आहे. त्या काळीं या देशांत विषाणूंचें शास्त्र बाल्यावस्थेंत होतें. रोग आहे एवढें दिसत होतें, कारण हातीं लागलें नव्हतें.

पुढील पाऊल मुंबई सरकारचे वनस्पतिरोगतज्ज्ञ बी. एन्. उप्पल यांच्या हाताखालीं पडलें. उप्पल, पी. एम्. वर्मा व एस्. पी. कपूर या तिघांनीं मिळून १९४० सालीं बंगलोरच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकांत भेंडीच्या पिवळ्या मोझॅकविषयीं एक टिपण प्रसिद्ध केलें. आणि कपूर व वर्मा यांनीं १९५० सालीं त्याच रोगावर सविस्तर निबंध लिहिला. या कामांत त्यांनीं विचारलेले प्रश्न साधे होते. प्रश्न साधा असला कीं त्याचें उत्तर निर्णायक मिळतें, हें त्यांच्या कामावरून शिकण्यासारखें आहे.

पहिला प्रश्न असा कीं, रोगट पानांचा रस निरोगी पानावर चोळला तर रोग लागतो काय? तंबाखूचा मोझॅक अशा रीतीनें लागतो. काम करणाऱ्या मजुराच्या बोटांनींही तो पसरतो. भेंडीच्या बाबतींत असा रस चोळून रोग लागला नाहीं. याचा व्यावहारिक अर्थ असा कीं, केवड्याच्या झाडास हात लावून तोच हात शेजारच्या झाडास लागला, किंवा तोडणीचा विळा एका झाडावरून दुसऱ्या झाडावर गेला, तर त्यामुळें केवडा पसरत नाहीं.

दुसरा प्रश्न, रोगट झाडाची फांदी निरोगी झाडावर कलम केली तर काय होतें? कलम जुळलें कीं रोग खालच्या झाडांत उतरला. तेव्हां हा रोग खताच्या उणिवेचा नव्हे, जमिनीच्या कसाचा नव्हे. तो जिवंत रसाबरोबर वाहणारा संसर्ग आहे हें सिद्ध झालें. जमिनीस दोष देणाऱ्यांस याहून स्पष्ट उत्तर कोणतें द्यावें?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. शेतांत कोणी कलमें करीत बसत नाहीं आणि रस चोळूनही रोग लागत नाहीं. मग एका हंगामांत सारा मळा पिवळा करणारा वाहक कोण? भेंडीवर मावा असतो, तुडतुडे असतात, कोळी असतो, पांढरी माशी असते. यांपैकीं चोर कोणता?

पांढऱ्या माशीचा माग

अशा चोराचा माग काढण्याची रीत सांगण्यासारखी आहे. कीटक आंत येऊं नये व आंतला बाहेर जाऊं नये असे बारीक जाळीचे पिंजरे करावयाचे. निरोगी रोपांवर कीटकांची निर्दोष वंशावळ वाढवावयाची. त्यांतील कांहीं कीटक मोजके तास रोगट पानावर सोडावयाचे, मग नाजुक हातानें उचलून निरोगी रोपावर ठेवावयाचे, ठरलेल्या वेळानंतर काढून टाकावयाचे, व रोप पिवळें पडतें कीं नाहीं याची कित्येक दिवस वाट पाहावयाची. शेजारीं तशींच रोपें ठेवावयाचीं, ज्यांवर निरोगी पानावरचे कीटक सोडले आहेत. तीं हिरवीं राहिलीं तरच पहिल्या रोपांची साक्ष ग्राह्य धरावयाची. एक पिंजरा उघडा राहिला, एक परका किडा आंत शिरला, कीं साऱ्या आठवड्याची मेहनत वायां. पांढरी माशी तर लांबीनें सुमारें एक मिलिमीटर. पंखांवर पांढरी मेणचट पूड, पान हलवितांच धुरळ्यासारखी उडणारी. अशा जीवास एकेक करून मोजणें हें किती चिकाटीचें काम असेल याची कल्पना वाचकांनींच करावी.

पुण्यांतील प्रयोगांतून निष्पन्न झालें कीं, केवड्याचा वाहक ही पांढरी माशीच होय. तिचें शास्त्रीय नांव बेमिसिया टॅबासी. आफ्रिकेंतील सुदानांत कापसाच्या पानें आकसण्याच्या रोगाचें वाहन हीच माशी करते, असें १९३१ च्या सुमारास दाखविण्यांत आलें होतें. भेंडीवरील काम त्याच मार्गानें पुढें गेलें.

येथून पुढें वर्मा यांनीं हा विषय जवळजवळ आपला स्वतःचा करून घेतला. शास्त्रज्ञाचें चरित्र त्याच्या निबंधांच्या सालांवरून वाचतां येतें, व तसें वाचलें म्हणजे वर्मा यांच्या कामांतील सातत्य नजरेंत भरतें. १९४० सालीं तिघांच्या टिपणांत त्यांचें नांव आहे. १९५२ सालीं भेंडीचा विषाणु व त्याची वाहक माशी यांच्या परस्परसंबंधावर त्यांचा स्वतंत्र निबंध आहे. १९५५ सालीं विषाणु माशीच्या शरीरांत किती काळ टिकतो यावर दुसरा, व त्याच वर्षीं एकाच माशीस एकाहून अधिक विषाणु एकदम वाहतां येतात यावर तिसरा. १९६३ सालीं पांढऱ्या माशीनें वाहिल्या जाणाऱ्या वनस्पति-विषाणूंचा समग्र आढावा त्यांनीं घेतला. म्हणजे या एका माशीच्या पाठीमागें त्यांनीं तेवीस वर्षें सोडलीं नाहींत.

या व पुढील काळांतील प्रयोगांवरून मिळालेलें ज्ञान थोडक्यांत असें. रोगट पानाचा रस शोषतांना माशी विषाणु पोटांत घेते. तो तिच्या शरीरांतून फिरून लाळेंत येण्यास कांहीं तास लागतात. तेथपर्यंत ती निरुपद्रवी असते. एकदां तो लाळेंत आला कीं ती दीर्घकाळ, बहुधा मरेपर्यंत, ज्या ज्या भेंडीवर बसेल तिला तो देऊं शकते. मादी या कामांत नरापेक्षां अधिक पटाईत असते. पानाच्या खालच्या अंगास चिकटून राहणाऱ्या पिलांनाही विषाणु घेतां येतो, व पंख फुटल्यावर तीं तो घेऊन उडतात. या साऱ्याचा मथितार्थ असा कीं, पांढरी माशी पान किती खाते याचा हिशेब करण्यांत अर्थ नाहीं. रस शोषून ती जें नुकसान करते त्याहून विष वाहून करते तें किती तरी पट मोठें असतें. मळ्यांत माश्या फार दिसत नाहींत म्हणून निश्चिंत राहणारा शेतकरी येथेंच फसतो. थोड्या माश्या, पण त्यांतील कांहीं विषाणूनें भरलेल्या, एवढें केवड्यास पुरतें.

१९५५ च्या तिसऱ्या निबंधाचें महत्त्व आज अधिकच वाटतें. एका माशीच्या अंगांत दोन विषाणु असूं शकतात, म्हणजे एका झाडांतही ते एकत्र येऊं शकतात; आणि एकत्र आलेले विषाणु आपापल्या तुकड्यांची अदलाबदल करून नवे प्रकार निर्माण करतात, हें अलीकडच्या संशोधनानें दाखवून दिलें आहे. जुन्या पिंजऱ्यांतील त्या निरीक्षणाचा धागा असा आजच्या प्रयोगशाळेपर्यंत येऊन पोंचतो.

वाल, पपई व वेलदोडा

वर्मा व कपूर यांनीं भेंडीपुरतेंच पाहिलें असें नाहीं, व त्यांच्या इतर कामाशीं कोंकणच्या शेतकऱ्याचा निकट संबंध आहे. भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर वाल पेरण्याची पनवेल, अलिबाग, पेण या भागांतील पद्धत सर्वश्रुत आहे. थंडींतील पोपटी या वालाच्या शेंगांवांचून होत नाहीं. वालाच्या पानावर गांठीसारखे उंचवटे आणणारा एक मोझॅक या दोघांनीं १९४८ सालीं वर्णिला, व १९५० सालीं वालावरील आणखी एका नव्या विषाणु-रोगाची नोंद केली. वालाचा पिवळा मोझॅकही पांढऱ्या माशीनेंच पसरतो. तेव्हां भेंडीचा मळा व वालाचें शेत शेजारीं शेजारीं असलें तर माशीस एका ताटावरून दुसऱ्या ताटावर जाण्यास वेळ लागत नाहीं. दोन्ही पिकांचे विषाणु निराळे असले तरी वाहक एकच, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

त्याच १९४८ सालीं त्यांनीं मुंबई प्रांतांतील पपईच्या मोझॅकविषयीं लिहिलें. पपईचा हा रोग मावा पसरवितो, आणि येथें वाहण्याची तऱ्हा अगदीं वेगळी आहे. पांढरी माशी विषाणु अंगांत मुरवून घेते. मावा तो नुसता सोंडेच्या टोंकाशीं धरतो. रोगट पानास सोंड लावली, लगेच पुढच्या झाडास लावली, कीं काम झालें. आणि थोड्या वेळानें मावा पुन्हां निर्दोष होतो. म्हणून पपईवर कीटकनाशक मारून हा रोग थांबत नाहीं. औषधानें मावा मरण्यापूर्वींच तो आपलें काम उरकून गेलेला असतो. एकाच शेतकऱ्याच्या एकाच मळ्यांत भेंडी व पपई असल्या तरी दोहोंचा उपाय एक नव्हे, हें या भेदावरून कळून येईल.

उत्तर कानडांतील वेलदोड्याच्या बागा 'कट्टे' नांवाच्या रोगानें जात होत्या. तो भाग त्या वेळीं मुंबई प्रांतांत होता. उप्पल, वर्मा व कपूर यांनीं १९४५ सालीं हा मोझॅक असल्याचें सांगितलें, व वर्मा आणि कपूर यांनीं १९५८ सालीं केळीवरील मावा तो वाहतो याचें सविस्तर वर्णन दिलें. पुढील वर्षीं, १९५९ सालीं, आर्. एस्. वासुदेव व डी. जी. राव यांच्यासह वर्मा यांनीं संत्र्या-लिंबांच्या झाडांस क्षीण करणाऱ्या विषाणूचें वाहन काळा मावा करतो हें दाखविलें. पीक कोणतेंही असो, वर्मा यांचा मूळ प्रश्न एकच राहिला, कीं वाहतो कोण व कसा?

बियाण्याचा मार्ग

वाहक कळला म्हणजे अर्धें काम झालें. उरलेलें अर्धें असें कीं, माशी बसली तरी ज्यास रोग होणार नाहीं अशी भेंडी मिळावी. खारवट जमिनींतील मीठ शेतकऱ्यास धुवून टाकतां येत नाहीं, म्हणून मीठ सोसणारें भात शोधावें लागतें. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्रानें 'पनवेल' नांवाच्याच भाताच्या जाति दिल्या, त्या याच विचारानें. भेंडीच्या बाबतींत हेंच करणें प्राप्त होतें.

दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेंत हरभजन सिंग व त्यांचे सहकारी यांनीं बंगालकडील एका भेंडीशीं 'पुसा मखमली' या जातीचा संकर करून 'पुसा सावनी' ही जाति काढली. तिच्या पैदाशीचा वृत्तांत १९६२ सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं वर्षें या जातीनें शेतकऱ्यांस मोठा दिलासा दिला. परंतु हळूहळू तिच्यावरही केवडा दिसूं लागला. मग परभणी येथील मराठवाडा कृषि विद्यापीठांत जांभळे व नेरकर यांनीं भेंडीची एक रानटी नातलग वनस्पति घेऊन तिचा संकर पुसा सावनीशीं केला. या रानटी झाडाची रोगप्रतिकारक शक्ति एका प्रबळ गुणघटकावर अवलंबून असते, असें त्यांनीं १९८१ सालीं दाखविलें. व १९८६ सालीं 'परभणी क्रांति' या जातीची माहिती प्रसिद्ध केली. ही जाति सरळ वाणाची असल्यामुळें शेतकऱ्यास तिचें बी घरीं धरतां येत असे, हा तिचा आणखी एक गुण.

तथापि एका जातीवर कायमचें विसंबून राहतां येत नाहीं. परभणी क्रांतीवरही पुढें कांहीं ठिकाणीं केवडा आढळला. असें कां होतें, याचें कारण विषाणूच्या बदलत्या रूपांत आहे. २००३ सालीं मदुरा येथील संशोधकांनीं असें दाखविलें कीं, भेंडीच्या केवड्यांत मूळ विषाणूबरोबर एक छोटा उपविषाणुही असतो, व रोगाचीं खरीं लक्षणें त्या जोडीनें उमटतात. शत्रु असा जोडीदारासह वावरणारा व आपल्या तुकड्यांची अदलाबदल करणारा असेल तर त्यावरील पहारा थांबवून चालणार नाहीं. संशोधन म्हणजे एकदां बांधून मोकळें व्हावें असा बांध नव्हे. दरवर्षीं पावसापूर्वीं डागडुजी करावी लागणारा बांध आहे.

आपल्या मळ्यांत काय करावें

वरील ज्ञानाचा व्यवहारांत उपयोग करावयाचा तर पुढील गोष्टींकडे शेतकरी बंधूंनीं लक्ष द्यावें.

पहिली गोष्ट, जुना मळा व नवा मळा शेजारीं ठेवूं नये. तोडे संपलेली जुनी, पिवळी भेंडी तशीच उभी ठेवून पलीकडे नवीन बी टोकणें म्हणजे माशीस विषाणूचें कोठार उघडून देणें होय. नवें बी टोकण्यापूर्वीं जुनीं झाडें उपटून नष्ट करावीं. बांधावरील रानभेंडीसारखें तण व आपोआप उगवलेलीं भेंडीचीं रोपें हींही काढावीं.

दुसरी गोष्ट, पहिला महिना डोळ्यांत तेल घालून जपावा. रोग जितका लवकर तितकी हानि मोठी, हें वर सांगितलेंच आहे. या दिवसांत एक दिवसाआड ओळींतून फिरावें, व शिरा पिवळ्या झालेलें पहिलें रोप दिसतांच तें उपटून, पिशवींत घालून, मळ्याबाहेर नेऊन पुरावें किंवा जाळावें. एका रोपाचा मोह धरल्यास ओळ जाते. मळा बहुतेक पिवळा झाल्यावर मात्र असें उपटणें व्यर्थ आहे.

तिसरी गोष्ट, माशीस आंत येण्यास अडथळा करावा. मळ्याच्या कडेनें मका किंवा ज्वारी यांच्या दोन दाट ओळी भेंडीच्या आधीं पेरून ठेवाव्या. पिवळ्या रंगाकडे माशी ओढली जाते, म्हणून पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावे. त्यांवरून माशी आली कीं नाहीं याचा अंदाजही येतो. निंबोळीचा ५ टक्के अर्क पानांच्या खालच्या अंगास पोंचेल असा फवारावा. उष्ण व कोरड्या हवेंत माशी वाढते, मुसळधार पावसांत कमी होते. म्हणून कोंकणांत उन्हाळी भेंडीस अधिक जपावें लागतें.

चौथी गोष्ट, औषधाचा विवेक. बुरशीनाशकानें केवडा जात नाहीं. त्यावरील खर्च सर्वस्वी वायां आहे. पायरेथ्रॉइड वर्गांतील कीटकनाशकें वारंवार मारल्यास पांढऱ्या माशीचे नैसर्गिक शत्रु मरून माशी उलट वाढते. कीटकनाशक वापरणें भागच पडलें तर कृषि विद्यापीठाची चालू शिफारस पाहून, एकच औषध पुन्हां पुन्हां न वापरतां, व तोडणीपूर्वीं ठरलेले दिवस सोडूनच वापरावें. एक दिवसाआड तोडली जाणारी भाजी दुसऱ्याच्या मुलाच्या ताटांत जाते, हें विसरूं नये.

पांचवी गोष्ट, बियाणें घेतांना केवड्यास प्रतिकार करणारी जाति कोणती हें विचारून घ्यावें, आणि ती जाति आपल्या गांवांत गेल्या हंगामांत कशी टिकली हें शेजाऱ्यास विचारावें. पिशवीवरील छापील शब्दापेक्षां शेजारच्या वाफ्याची साक्ष मोठी. प्रतिकारक म्हणून घेतलेल्या जातीवर केवडा आढळल्यास ती खबर कृषि विद्यापीठाच्या केंद्रास अवश्य द्यावी. विषाणु बदलल्याची पहिली वार्ता पुष्कळदां शेतकऱ्याच्याच डोळ्यांस दिसते.

शेवटची व सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे हें सर्व एकट्यानें करून भागत नाहीं. पांढऱ्या माशीस सातबारा ठाऊक नाहीं. एकाच्या मळ्यांत ठेवलेलीं पिवळीं झाडें दुसऱ्याच्या मळ्यांतील नव्या रोपांचा घात करतात. गांवांतील भेंडी लावणाऱ्यांनीं एकत्र बसून जुनें पीक केव्हां काढावयाचें व नवें केव्हां टोकावयाचें हें ठरविलें, तर जें एकाही औषधानें साधत नाहीं तें विनाखर्च साधेल. वर्मा यांच्या पिंजऱ्यांतील प्रयोगांनीं ही गोष्ट निःसंशय सिद्ध करून ठेविली आहे कीं, केवडा आपोआप येत नाहीं. कोणीतरी तो आणतें, व तें कोठून तरी आणतें. तें 'कोठून' पुष्कळदां आपल्याच बांधापलीकडे असतें. तेव्हां येत्या हंगामांत बी टोकण्यापूर्वीं प्रथम बांधापलीकडे पाहून घ्यावें, एवढीच या लेखाची विनंति आहे.